आकड्याचा कौल

माझी नात ऋतिका महाडच्या कॉलेजात गणित शिकते. सुट्टीत आमच्या गावी, कापड्याला आली ती कॉम्प्युटर घेऊनच. माजघरात तो दिवसरात्र घरघरत बसला. बंद करायचा नाही. लाईट गेली की पोरगी हातातला घास टाकून धावायची.

"करतो काय गो हा?"

"एक आकडा तपासतोय, आजी. एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भागला नाही, तर असा जगातला सगळ्यात मोठा आकडा आपल्या घरात सापडेल."

मी दुसरी शिकलेली, पण भागाकार मला कळतो. कुणाच्यानं भागत नाही अशी या घरात आजवर मी एकटीच. मला आकडा आवडला. पण थांबायची मला सवय नाही. भाकरी थापता थापता उठून पडद्याकडे बघायचे, तर तिथलं काम मुंगीच्या पायानं सरकत असायचं. जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी देवळात कौल लावायला गेले.

महिपत गुरव म्हणाला, "काकी, देवीला आकडा पुरा सांगाया लागंल."

"कोट्यवधी अंक हायत रे त्यात. सांगता सांगता तू मरशील, मंग तुझा पोरगा सांगंल."

"मंग इचारू कसा?"

ऋतिकाचं मला पाठ होतं. "दोनाला दोनानं गुण, परत दोनानं, गुणतच राहा. ऋतिका थांब म्हणंल तिथं थांब आन् एक काढ. झाला आकडा."

माणसं हसली. पण महिपतनं गाऱ्हाणं घातलं, देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली. उजवं पडलं, म्हणजे होकार. घरी येईस्तोवर मी वाडीभर सांगत आले, माझ्या नातीचा आकडा कशानं भागत नाही, देवीनंच सांगितलंय.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरचं काम संपलं. ऋतिका नुसती पडद्यासमोर बसून.

"भागतो, आजी."

"कशानं?"

"ते नाही कळत. भागतो एवढं मात्र नक्की."

"भागणारा दाखवता येत नाय, आन् देवीला खोटी पाडतेस?"

"मी कुठं देवीला विचारलं? आकडा आधीपासून जसा आहे तसाच आहे. तू कशाला गावभर केलंस?"

उलट बोललेलं मला खपत नाही. त्या दिवशी खपवून घेतलं.

दुपारी शेजारची तुळसा आलीच. "काय गो ऋतिका, सापडला का जगातला मोठा आकडा?" पोरगी उठली आणि कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळून खोक्यात भरायला लागली. "नको मला हे. लोक हसतात."

मी पदर खोचला आणि आरतीच्या वेळी देवळात जाऊन उभी राहिले. सगळी वाडी होती.

"आकडा भागतो. मी सांगितलं ते चुकलं."

"मंग कौल?" महिपतनं विचारलं.

"कौल मी लावला, पोरीनं नाय. जे आधीच ठरल्यालं हाय त्याला कौल लावणारी शहाणी मीच. हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. माझ्या तोंडावर हसायची इथं कुणाची टाप नाही. तुळसा तेवढी बोलली, "पण कशानं भागतो ते तिला कुठं कळलं?"

"माठ घेताना काय करतेस गो तू? टिचकी मारतेस. बद्द वाजला की ठेवतेस खाली. तडा कुठं हाय ते शोधत बसतेस का?"

घरी आले तर खोकं दाराशी तयार.

"दुसरा आकडा हाय का गो?"

"ढीग आहेत, आजी."

"मंग लाव. आन् या खेपेला कुठला लावलास ते मला सांगू नको. माझ्या तोंडाला दम धरवत नाय."