नामंजूर झालेलं पाणी

मी तारोडीतली एक जुनी विहीर आहे. शिवदासच्या आजोबांनी मला खणलं आणि आतून दगडांनी बांधून काढलं. समुद्र एवढा जवळ असूनही माझं पाणी गोड लागायचं. मित्रांनो, सगळी आळी मला नावाजायची आणि मी फुगायचे! पुढे घरोघरी नळ आले, तरी शिवदासची बायको पुष्पलता प्यायला माझंच पाणी न्यायची. वाडीतली वांगी-मिरच्याही माझ्याच जिवावर होती.

कुंपणापलीकडे बर्फ बनवायची शेड होती. गेल्या डिसेंबरात तिथली डिझेलची टाकी फुटली आणि डिझेल जमिनीत मुरून माझ्यात उतरलं. वाडी करपली. शेडवाला कुलूप लावून पसार झाला. पण शिवदासने घर, वाडी आणि विहीर यांचा विमा उतरवला होता. मला उपसून स्वच्छ करायला तेवढाच आधार होता.

विमा कंपनीचा तपासनीस स्वप्नील आला. पुष्पलताने त्याला आधी चहा दिला.

"काकू, पाण्याला याआधी कधी वास आला होता?" त्याने सहज विचारलं.

"खोटं कशाला बोलू? नवरात्रात घटासाठी पानी काढलं, तवा जरासा आलता."

त्याने ते लिहून घेतलं.

अगं बाई, तो वास पंपाचा होता! आदल्या दिवशी शिवदासने पंपाला तेल घातलं, त्याचे चार थेंब त्याच्या नकळत माझ्यात पडले. दोन दिवसांत वास गेलासुद्धा. मला सगळं ठाऊक होतं, पण विहिरीची साक्ष कोण घेतो?

महिन्याभराने पत्र आलं. प्रदूषण अचानक झालं तरच भरपाई मिळते. इथे गळती नवरात्रापासून हळूहळू होत होती, म्हणून दावा नामंजूर. शिवदासने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा त्यांनी पुष्पलताचंच वाक्य त्याच्यापुढे ठेवलं.

काल मला बुजवायला भरावाचा ट्रक आला.

"मी गप बसायला पायजे होतं का वो?" तिने विचारलं.

"न्हाय गं," शिवदास म्हणाला, पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

मला बुजण्यापेक्षा त्याचंच जास्त दुःख झालं. मित्रांनो, तुमच्या विहिरीला वास आला, तर त्याच दिवशी कारण शोधा, चारचौघांना दाखवा आणि लिहून ठेवा. आणि तारोडीला आलात, तर पुष्पलताला एवढंच सांगा, की तिची काही चूक नव्हती. मला आता सांगता येणार नाही. माती अर्ध्यापर्यंत आली आहे.