हिगाशिनो मारूचं भोक

दुबईजवळ अजमानला बदरुद्दीनशेठचं वर्कशॉप होतं. पाटीवर दुकानाचं नाव बारीक आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'फ्लोटिंग गॅरंटी'. ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवायची, तळात शिसं घातलेली लाकडी जहाजं शेठ बनवून विकायचा. शोभेच्या वस्तूला तरंगायची काय गरज? पण एकदा एका बड्या अरबाच्या नातवाने असलं जहाज स्विमिंग पूलमध्ये सोडलं आणि ते दगडासारखं तळाला गेलं. ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. तेव्हापासून अंगणात मुलांचा फुगवायचा हौद आला. निळा, वर पिवळी बदकं. त्यात तरंगल्याशिवाय एकही जहाज पेटीत जायचं नाही.

बाकीचे कारागीर हसायचे. सोमनाथ हसायचा नाही. तो देवगडकडचा सुतार, खऱ्या होड्या बांधलेला. हौदातून काढलेलं जहाज उलटं करून तो आतून बोट फिरवायचा. बोट कोरडं निघालं की मगच जेवायला जायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये हागिवारासाहेब आले. अबुधाबीत तेलाच्या प्रोजेक्टवर इंजिनियर होते, आता रिटायर होऊन जपानला निघालेले. त्यांच्या फायलीत एक पिवळा फोटो आणि टाईप केलेले तीन कागद होते. ऑफिसचं इंग्रजी बघायला वसईचा लॅन्सी होता. त्याने कागद वाचून सगळ्यांना सांगितलं.

"हिगाशिनो मारू. मालवाहू जहाज. आधी कोळसा न्यायचं, साखर न्यायचं. मग लढाई लागली आणि आर्मीने उचललं. राखाडी रंग दिला, नाकावर तोफ बसवली. मग तांदूळ नेला, घोडे नेले, सोल्जर नेले."

"तोफेने किती मारले?" शेठने विचारलं.

"एक पण नाय. गोळेच मिळाले नव्हते."

"मग जिंकलं कसं?"

"शेठ, ते बुडालं. फॉर्टी-फोरमध्ये. अमेरिकन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, अकरा मिनिटांत खलास. साहेबांचे फादर त्याच्यावर इंजिनियर होते."

शेठने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "हबीबी, बुडालेल्या जहाजाचं मॉडेल? बरं, आपल्याला काय. बनव रे सोमा."

शेवटच्या कागदावर एक चित्र होतं. जहाजाच्या डाव्या अंगाला, धुराड्याच्या मागे, पाण्याच्या रेघेखाली लाल गोल. तिथे भोक पाहिजे. मॉडेलच्या मापाने लिंबाएवढं.

सोमनाथने महिनाभर खपून जहाज केलं. शिड्या केल्या, दोरखंड केले, गोळे नसलेली तोफसुद्धा केली. भोक तेवढं मागे ठेवलं. शेवटी लॅन्सी म्हणाला, "अरे बाबा, ऑर्डरमध्ये आहे, मार ना एकदाचं." तेव्हा तोंड फिरवून त्याने ड्रिल चालवलं, कान टोचताना आई तोंड फिरवते तसं.

दुसऱ्या दिवशी शेठने सवयीप्रमाणे जहाज हौदात सोडलं. खऱ्याला अकरा मिनिटं लागली होती, याला अकरा सेकंद पुरली. डावीकडे कललं, तोफ वर झाली आणि गडप. हौदात नुसती बदकं राहिली.

"डिफेक्ट पीस!" शेठ ओरडला.

"शेठ, ते बुडायलाच पाहिजे," लॅन्सी म्हणाला. "बुडालं म्हणून तर बनवतोय."

"माझ्या गॅरंटीत? उद्या हा माणूस जपानभर सांगेल, बदरुद्दीनचं जहाज बुडतं. सोमा, बंद कर ते!"

"साहेबांना फोन करून विचारू तरी."

"काय विचारायचं? जहाज दुरुस्त करून दिलं तर कोण रडतं रे?"

सोमनाथला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने सागाचा तुकडा शोधला, रेषेला रेष जुळवून भोकात घट्ट बसेल अशी गुडदी कापली, ठोकली, घासली, रंग दिला. भोक कुठे होतं ते त्याचं त्यालाही सापडेना. हौदात जहाज राजासारखं उभं राहिलं. आतून फिरवलेलं बोट कोरडं. नऊ वर्षांत एवढं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

नऊ वर्षांमागे गावी त्याने एक खरी होडी दुरुस्त केली होती. उजव्या अंगाच्या तिसऱ्या फळीची फट पाझरत होती. कापूस भरून वर राळ घालायला आणखी दोन दिवस हवे होते. पण नारळी पौर्णिमा झालेली, मालकाला घाई. सोमनाथने मान खाली घातली आणि होडी तशीच सोडू दिली. त्याचा धाकटा भाऊ समाधान त्याच होडीवर होता. त्याला सांगितलं, तर तो हसला. "बालदी हा मां! उपसतलंव!" वाऱ्यात होडी गेली. तिघे पोहत आले, समाधान आला नाही. लोक म्हणाले, लाट मोठी होती. आई, तानुबाई, दर पत्रात, दर फोनला विचारायची, "पाणी खंयसून इलां रे?" सोमनाथ म्हणायचा, "लाट मोठी होती गो."

गुरुवारी हागिवारासाहेब जहाज न्यायला आले. शनिवारचं विमान होतं. शेठने त्यांना हौदापाशी खुर्ची दिली, प्यायला लबान, तिथलं ताक दिलं आणि हिगाशिनो मारू स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं.

"सी सर! नो सिंकिंग! हंड्रेड परसेंट!"

साहेब उठून उभे राहिले. बापाचं जहाज बदकांच्या मधून हळूहळू फिरत होतं. त्यांनी खाली वाकून डावी बाजू पाहिली. मग लॅन्सीशी हळू आवाजात बराच वेळ बोलले.

"काय म्हणतात? खूश?" शेठने विचारलं.

"म्हणतात काम फार सुंदर आहे," लॅन्सी म्हणाला. "पण भोक पाहिजे होतं. त्यांची मदर एक्याण्णव वर्षांची आहे. जहाजावरचा एक म्हातारा वाचलेला, तो गेल्या वर्षी भेटला. त्याने सांगितलं पाणी कुठून आलं, फादर तेव्हा कुठे होते. मदरला तिथे बोट लावून बघायचंय."

"एवढंच? नो प्रॉब्लेम सर! फाय मिनिट! यल्ला सोमा, ड्रिल!"

सोमनाथने ड्रिल उचललं, पण चालवलं नाही.

"लॅन्सी, तू त्यांना विचार," तो म्हणाला. "पन्नास-पंचावन्न वर्षं झाली. आता म्हातारीला कशाला दाखवायचं? मोठी लाट आली म्हणून सांगा. तेवढंच तिला बरं."

"तुला काय करायचंय रे?" शेठ खेकसला. पण लॅन्सीने विचारलं. साहेब सोमनाथकडे बघत बोलले, आणि लॅन्सीने सांगताना आवाज खाली केला.

"म्हणतात, जागा माहीत नाय म्हणून मदर रोज फादरना नव्या जागी बुडवते. कधी झोपेत, कधी जिन्यावर, कधी बंद दाराआड. एकदा कळलं की एकाच जागी बुडतील."

सोमनाथने ड्रिल खाली ठेवलं आणि पटाशी घेतली. गुडदी त्याने हाताने काढली, तुकडा न पाडता, आणि खिशात टाकली. जागा सापडत नव्हती म्हणता म्हणता बोटाला बरोबर सापडली. साहेबांनी भोकात करंगळी घातली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग सोमनाथपुढे कमरेत वाकले. सोमनाथही गडबडून वाकला आणि दोघांची डोकी आपटली.

शेठने जहाजाबरोबर द्यायच्या सर्टिफिकेटवर पेनाने लिहिलं, 'फ्लोटिंग गॅरंटी कॅन्सल', आणि खाली दोन सह्या घेतल्या.

शुक्रवारी सकाळी सोमनाथ फोनकार्ड घेऊन बूथवर गेला. मागे लाईन होती. वाडीतल्या दुकानात तानुबाई ठरल्या वेळेला येऊन बसलेली. तिकडे मागे गिऱ्हाईकं साखर मागत होती, सगळं ऐकू येत होतं.

"जेवलंस?"

"जेवलंय. आये, आयक." खिशातली गुडदी त्याने मुठीत धरली. "ती होडी. उजव्या अंगान पाणी इलां. तिसऱ्या फळयेतसून. माका म्हायत होतां. मी बोलूक नाय."

तिकडे कोणीतरी अर्धा किलो साखर सांगितली. तराजू वाजला. कोणीतरी पैसे मोजले आणि गेलं.

"तिसरी वरसून काय खालसून?" तानुबाईने विचारलं.

"खालसून."

"मगे पाणी पयलां तेच्या पायांकच लागलां आसतलां," ती म्हणाली.

मागचा माणूस काचेवर नाणं वाजवत होता. सोमनाथने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. तिकडे तीही ठेवत नव्हती.