शिकणारा क्रमांक चार

हंबीररावांनी वही उलटी फिरवून टेबलाच्या मधोमध सरकवली. पानावर त्यांनी पट्टीने आखलेला तक्ता होता. डावीकडे स्कॉर्म, म्हणजे ऑनलाइन पाठ बांधायची जुनी पद्धत; उजवीकडे एक्स-एपीआय, नवी. डाव्या रकान्यात अकरा मुद्दे होते, उजव्यात तीन.

“आपले एकशे बारा पाठ स्कॉर्ममध्ये बांधलेले आहेत,” ते म्हणाले. “कुठल्याही कारखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडतात. माणूस पास झाला का कळतं, मार्क कळतात. आणखी काय पाहिजे?”

अंबरीशने तक्ता वाचल्यासारखे केले. देवासची ही छोटी कंपनी त्याची होती; कारखान्यांतल्या कामगारांसाठी ऑनलाइन पाठ करून देणारी. पण तिचा पहिला पाठ अकरा वर्षांपूर्वी हंबीररावांनी लिहिला होता, आणि अजूनही ते नाही म्हणाले की अंबरीश पुढे जात नसे. नवे पाठ कोणत्या पद्धतीत काढायचे आणि जुने बदलायचे का, हा प्रश्न त्यामुळेच आठ महिने लोंबकळत पडला होता.

“काका, क्लायंटला परवा जवाब द्यायचाय,” अंबरीश म्हणाला. “अब और नहीं खींच सकते. वैभवी, तू बोल.”

वैभवीने लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला जोडली.

सतवासला तिच्या वडिलांचे धान्याचे दुकान होते. मुलगी या नोकरीसाठी देवासला खोली घेऊन राहणार म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला होता. तेव्हा हंबीरराव धारहून दोन गाड्या बदलून सतवासला गेले, दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसले आणि संध्याकाळी होकार घेऊनच उठले. पाठ कसा लिहायचा, कामगाराला कळेल असा प्रश्न कसा विचारायचा, हे तिला त्यांनीच शिकवले. आणि गेल्या ऑगस्टमध्ये, बाहेरच्या चार माणसांसमोर तिने एक्स-एपीआयचा विषय काढला, तेव्हा हसत हसत तेच म्हणाले होते, “पोरी, नवं दिसलं की पळत सुटायचं नसतं. अजून शिकायचं वय आहे तुझं.” ती चार माणसेही हसली होती. वैभवीला त्यांतल्या एकेकाचा चेहरा आठवत होता.

“मागच्या आठवड्यात आपण चाचणी घेतली,” ती म्हणाली. “प्रेस मशीनच्या सुरक्षेचा पाठ. सहा जणांनी केला. नावं काढून टाकलीत, फक्त क्रमांक ठेवलेत. स्कॉर्ममध्ये हे असं दिसलं असतं.”

पडद्यावर सहा ओळी आल्या. सहाही जण उत्तीर्ण. चौथ्याला नव्वद मार्क.

“झालं की मग,” हंबीरराव म्हणाले.

“आता तेच एक्स-एपीआयमध्ये. यात प्रत्येक हालचालीचं एक वाक्य लिहिलं जातं. कोणी, काय केलं, कशावर. क्रमांक चारचं बघू.”

क्रमांक चार म्हणजे हंबीरराव होते. नव्या पद्धतीतले दोष आपणच शोधून काढू, म्हणून त्यांनी धारला घरी बसून तो पाठ केला होता. मंगळवारी त्या नोंदी पाहिल्यावर वैभवीला आधी वाटले, नेटवर्क गेले असेल. तिने तपासले, नेटवर्क गेले नव्हते. मग काहीतरी निमित्त काढून तिने त्यांच्या घरी फोन लावला. फोन माईंनी, त्यांच्या पत्नीने घेतला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर माई आवाज खाली आणून म्हणाल्या, “हल्ली हे गॅस तसाच चालू ठेवतात गं. परवा गल्लीतल्या गल्लीत घर चुकले. तू घरची म्हणून सांगते. ऑफिसात बोलू नकोस.”

“नाही बोलणार,” वैभवी म्हणाली होती. आणि ती बोलली नव्हतीच. नाव काढले की राहिली नुसती माहिती, असे तिने स्वतःला तीन दिवस समजावले होते.

तिने पडद्यावरच्या ओळी वाचायला सुरुवात केली.

“क्रमांक चार, उघडलं, पान सात. क्रमांक चार, परत गेला, पान एक. क्रमांक चार, उघडलं, पान सात. असं अकरा वेळा. मशीन साफ करण्याआधी पहिल्यांदा काय बंद करायचं, या प्रश्नाला पाच वेळा चुकीचं उत्तर. सहाव्यांदा बरोबर. वीस मिनिटांच्या पाठाला एक तास बावन्न मिनिटं.”

तो प्रश्न हंबीररावांनीच लिहिलेला होता. ते पुढे झुकून पडदा पाहत होते. वैभवीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, तिथे काहीच हलले नाही. समोर कोणीतरी अनोळखी कामगार असावा आणि त्याची काळजी वाटावी, तेवढीच एक आठी कपाळावर होती.

“पुन्हा दाखव,” ते म्हणाले.

तिने पुन्हा दाखवले. या वेळी सावकाश.

“हा माणूस कामावर नको,” हंबीरराव म्हणाले. “याचं लक्ष नाही असं नव्हे. याच्या डोक्यात राहतच नाहीये. पान सात वाचतो, पुढे जातो, आणि वाचलेलं पुसलं जातं. बिचारा पुन्हा मागे येतो. आणि स्कॉर्मने याला नव्वद मार्क देऊन पास केलं असतं. माझ्याच पाठाचं सर्टिफिकेट घेऊन याने मशीनमध्ये हात घातला असता.”

त्यांनी वही जवळ ओढली आणि स्वतःच्या तक्त्यावर एक तिरकी रेघ मारली.

“माझं चुकलं, अंबरीश. आठ महिने मी उगाच अडवून धरलं. वैभवीचंच घ्या.”

“पक्का ना, काका?”

“पक्कं. आणि आणखी एक लिहून घ्या. असा माणूस नोंदीत सापडला, तर त्याच दिवशी कामावरून बाजूला करायचा. मग तो किती का जुना असेना. दया दाखवायची नाही. दयेने हात तुटतात.”

“लिहून घे, वैभवी,” अंबरीश म्हणाला.

वैभवीने त्यांची वाक्ये जशीच्या तशी लिहिली. ‘किती का जुना असेना’ इथे तिची बोटे थांबली, मग तेही लिहिले. प्रिंट काढून तिने कागद पुढे केला. हंबीररावांनी सावकाश, वळणदार सही केली. अंबरीशला फोन आला म्हणून तो बोलत बोलत बाहेर निघून गेला.

हंबीररावांनी वही पिशवीत टाकली, पण ते उठले नाहीत.

“हा चार नंबर कोण गं?”

“कशाला, काका?”

“नाव दे मला. त्याच्याशी मी स्वतः बोलतो. असं कागदावरून कळलं की माणूस मोडतो. घरी बायको असेल, तिला आधी सांगायला हवं. डॉक्टरकडे न्यायला हवं.”

“उद्या फोनवर सांगते.”

“फोनवरचं हल्ली राहत नाही लक्षात. आत्ताच लिहून दे.”

वैभवीने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद काढला. चाचणीला आणखी पाच जण होते. त्यांतले कुठलेही नाव चालले असते. कोणाचे नाव सांगणार नाही, नियमात बसत नाही, असेही म्हणता आले असते आणि त्यांनी ते लगेच मानले असते. तिने पेनाचे टोपण काढले. नाव लिहिले, पूर्ण, आडनावासकट. खाली गावाचे नाव लिहिले, धार. कागदाची दुहेरी घडी घातली.

हंबीररावांनी ती न उघडता सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“इंदूरच्या पुढे बस रिकामी असते,” ते म्हणाले. “तेव्हा निवांत बघतो.” उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आज छान मांडलंस. मला तोंड उघडायला जागा ठेवली नाहीस.”

जिन्यावरची त्यांची पावले खाली पोचेपर्यंत वैभवी उभी होती. मग तिने फोनमध्ये माईंचा नंबर काढला. थोडा वेळ तो नुसता पाहिला, फोन टेबलावर पालथा घातला आणि बदलायच्या एकशे बारा पाठांची यादी उघडली.