सात चुकांची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. एका लहानशा चित्रपटगृहात, जिन्याखालच्या बाकाशेजारी, भिंतीला टेकून मी उभी असते. माझ्या झाकणाला वीतभर फट आहे आणि पोटावर पांढऱ्या रंगात 'आपला अभिप्राय' असे लिहिले आहे. त्यातला 'आ' केव्हाच उडून गेला. हसायचे असेल तर हसून घ्या, कारण पुढे मी सांगणार आहे ती गोष्ट हसण्यासारखी नाही.

माझा जन्म इथलाच. मोडलेल्या खुर्च्यांचे हात एका कोपऱ्यात धूळ खात पडले होते. मालकांनी सुताराला बोलावून सांगितले, "यांचं काहीतरी कर बाबा." सुतार कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. रंधा मारता मारता तो माझ्याशी बोलायचा. "आजवर लोकांची कोपरं सोसलीस," तो म्हणाला, "आता त्यांची बडबड सोस." त्याने मला एक छोटे कुलूप लावले, दोरीने एक पेन्सिल बांधली आणि निघून गेला. पुन्हा काही तो दिसला नाही.

मोठे सिनेमे आमच्याकडे फिरकत नाहीत. गुरुवारी दुपारी इथे असे सिनेमे लागतात, ज्यांत नायक म्हणजे दिग्दर्शकाचा मेहुणा असतो आणि नायकाचा महाल म्हणजे त्याच मेहुण्याची गच्ची. बघायला येतात ती साधी माणसे. कुणाला दुपार घालवायची असते, कुणाला पंख्याखाली बसायचे असते. सिनेमा सुटला की ती माझ्याजवळ येतात, कपाळाला आठ्या घालतात आणि चिठ्ठीवर आपले मत लिहून माझ्या पोटात टाकतात. शनिवारी सिनेमा करणारा माणूस येतो, मालकांकडून किल्ली घेतो आणि बाकावर बसून एकेक चिठ्ठी वाचतो. वीसच्या वर चिठ्ठ्या निघाल्या तर त्याचा सिनेमा पुढच्या गुरुवारीही लागतो. हा इथला नियम आहे.

मी स्वतः एकही सिनेमा पाहिलेला नाही. माझ्या आणि पडद्याच्या मध्ये एक जाड दार आहे. त्यातून हशा ऐकू येतो, खोकला ऐकू येतो, कधी कधी घोरणेही. बाकी सगळे मला चिठ्ठ्यांनी शिकवले. 'भुतापेक्षा भुताची चप्पल जास्त दिसली.' 'मार खाताना खलनायक गालातल्या गालात हसत होता.' 'गोष्ट कळली नाही, पण कुत्रा गुणी आहे.' 'नायिका रडली, मी झोपलो, दोघांनाही बरं वाटलं असावं.' अशी मते वाचून काही दिग्दर्शक पोट धरून हसले, काही तोंड पाडून गेले. त्या काळात माझी शान होती. दारावरच्या मावशी, म्हणजे तिकिटे तपासून लोकांना आत सोडणाऱ्या बाई, रोज मला फडक्याने पुसायच्या.

मला सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या दिल्या त्या घड्याळकाकांनी. पलीकडच्या गल्लीत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. बायको गेल्यापासून गुरुवारची दुपार त्यांना खायला उठायची, म्हणून ते इथे यायचे. सिनेमातले त्यांना फारसे काही कळत नव्हते आणि ते तसे कबूलही करायचे. पण नजर भिंगाची. 'बाविसाव्या मिनिटाला वरून माइक डोकावतो.' 'आत जाताना मिशी जाड, बाहेर येताना बारीक.' सगळे मिनिटा-सेकंदासह, कारण मनगटावरच्या घड्याळात बघितल्याशिवाय त्यांचा जीव राहत नसे.

एका गुरुवारी एक विनोदी सिनेमा लागला. तो करणारी मुलगी एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. तिने तो सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात, शेजाऱ्यांना हाताशी धरून काढला होता. एक म्हातारा रोज मजला चुकतो आणि भलत्याच घरात शिरून जेवायला बसतो. त्या घरची माणसे इतकी भिडस्त की त्याला 'तुम्ही कोण' असे विचारायची कुणाची हिंमत होत नाही. म्हाताऱ्याचे काम तिच्या वडिलांनी केले होते.

त्या दुपारी दारातून जो हशा आला, तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. माझे झाकण थरथरले. सिनेमा सुटल्यावर घड्याळकाका डोळे पुसत बाहेर आले आणि बाकावर मटकन बसले.

"काय हो, बरं आहे ना?" मावशींनी विचारले.

"पोट दुखतंय हसून," काका म्हणाले. "ही गेल्यापासून असा हसलो नव्हतो, मावशी. तो म्हातारा म्हणजे कहर आहे."

"मग लिहा की तसं."

"छे. चांगलं काय लिहायचं? दुरुस्तीच्या चिठ्ठीवर 'काटे बरोबर फिरतात' असं कुणी लिहितं का? बिघडलंय तेवढं लिहायचं. बाकीचं चांगलं आहे हे त्यातच आलं."

आणि त्यांनी लिहायला घेतले. सिनेमा मनापासून आवडला होता, त्यामुळे त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. एरवी दोन चुका लिहिणाऱ्या काकांनी त्या दिवशी सात लिहिल्या. म्हातारा एकतिसाव्या मिनिटाला संवाद विसरतो आणि अकरा सेकंद नुसता बघत राहतो. चाळिसाव्या मिनिटाला कॅमेऱ्याकडे वळून 'झालं का गं?' असे विचारतो. दार ओढण्याऐवजी ढकलत बसतो. सातांपैकी पाच चुका त्या म्हाताऱ्याच्याच होत्या. काकांनी चिठ्ठीची नीट घडी केली, माझ्यात टाकली आणि शीळ घालत दुकानाकडे गेले.

शनिवारी ती मुलगी आली. तिने एकतीस चिठ्ठ्या मोजल्या. 'मजा आली', 'छान', 'झकास' असे वाचताना ती खुलत गेली. मग काकांची चिठ्ठी तिच्या हाताला लागली. ती तिने तीनदा वाचली.

"अहो, सगळे हसत होते," मावशी म्हणाल्या. "खुर्च्या हलत होत्या."

"मावशी, तुम्ही सगळ्यांनाच तसं सांगता," ती म्हणाली. ते खरेही होते. मावशींना कुणाचे पडलेले तोंड बघवत नसे, म्हणून रिकाम्या खेळानंतरही त्या तेच सांगायच्या. नेमक्या त्या दिवशी त्या खरे बोलत होत्या आणि त्यांच्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती.

मुलीने ती चिठ्ठी बाकीच्यांपासून वेगळी ठेवली. "'छान' काय, कुणीही लिहितं," ती म्हणाली. "या माणसाने मन लावून पाहिलंय. बाबांना विसरायचा आजार झालाय, मावशी. ते खरंच विसरत होते. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. लोक माझ्या बाबांना हसले असतील."

मी तिथेच होते. मला सगळे माहीत होते. पण लाकडाला तोंड नसते, नुसती फट असते. त्या दिवशी मला माझाच राग आला.

तिने पुढचे चार दिवस खपून सातही चुका काढून टाकल्या. दुसऱ्या गुरुवारी सिनेमा पुन्हा लागला. घड्याळकाका इस्त्रीचा शर्ट घालून, दुकानाशेजारच्या शिंप्यालाही सोबत घेऊन आले. दार बंद झाले. मी कान देऊन होते. एकतिसावे मिनिट आले आणि गेले. खुर्च्यांची करकर ऐकू आली, कुणीतरी नाक शिंकरले, आणि मध्येच चार माणसे उठून बाहेर पडली. त्या दिवशी माझ्यात सहा चिठ्ठ्या पडल्या.

काका बाहेर आले तेव्हा ती मुलगी माझ्याजवळ उभी होती.

"हा तो सिनेमा नव्हे," काका मावशींना म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला काय केलं यांनी?"

"सात चुका लिहिणारे तुम्हीच का?" मुलीने विचारले. "काढल्या मी. सगळ्या."

काकांचा चेहरा पडला. "अगं पोरी, मी त्यालाच तर हसलो होतो. तो अडखळायचा ना, तेव्हा वाटायचं, हा आपल्याच घरातला माणूस आहे. माझं चुकलं. ते सगळं परत घाल."

"नाही घालता येणार. चित्रीकरण साठवायला एकच डिस्क होती. जागा पुरेना, म्हणून जुनी प्रत आणि कापलेले तुकडे पुसून टाकले."

शिंपी काकांचा दंड धरून त्यांना घेऊन गेला.

त्यानंतर मुलीने सिनेमा केला नाही. काका मात्र येत राहिले आणि दर गुरुवारी तिच्याबद्दल मावशींना विचारत राहिले. सहा-सात महिन्यांनी एका दुपारी ती आली. सिनेमा बघायला नव्हे. ती बाकावर बसून काकांची वाट बघत होती.

"काका, बाबा गेले मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "शेवटी मलाही ओळखत नव्हते."

काका तिच्याशेजारी बसले.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "ते अकरा सेकंद. मी ते शंभरदा पाहिले असतील, पण चूक म्हणूनच पाहिले. आता बाबांचा चेहरा आठवायला गेले की तुमची चिठ्ठीच डोळ्यांसमोर येते. तुम्हाला आवडलं होतं ना ते? कसे बघत होते हो बाबा?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचे ओठ हलत होते.

"हसू आलं ते आठवतं," शेवटी ते म्हणाले. "चेहरा नाही आठवत गं. मी घड्याळात बघत होतो. सेकंद मोजत होतो."

तिने मान हलवली. ती उठली, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

मित्रांनो, आता इथे गुरुवारचे सिनेमे लागत नाहीत. माझे कुलूप गंजले आहे, माझ्यात लोक गोळ्यांचे कागद टाकतात आणि मला पुसायला कुणी येत नाही. त्याचे मला फारसे काही वाटत नाही. मी तुमच्याकडे रंग मागत नाही, नवी पेन्सिलही मागत नाही. मागणे एवढेच आहे की, कुणाचे काम आवडले तर त्याला ते त्याच दिवशी सांगा. तो समजून घेईल असे धरून चालू नका. चुका मोजायच्या असतील तर मागाहून मोजा. आणि माणूस समोर आहे तोवर त्याच्या तोंडाकडे बघून घ्या.