बाबांचं बियाणं

मेलबर्नात नोव्हेंबरातल्या घोड्यांच्या शर्यतीआधी टोमॅटो लावला नाही, तर गल्लीतले इटालियन नावं ठेवतात. फिलोमेनाचा टोमॅटो मात्र दोन वर्षं मर रोगानं बसला होता. बियाणं सासऱ्यांनी इटलीहून कोटाच्या अस्तरात शिवून आणलेलं. नणंद अस्सुंता दरवर्षी त्याची पुडी द्यायची. ते आपल्या हातून मेलं, हे फिलोमेनाला खात होतं. यंदा तिनं रोपवाटिकेतून संकरित रोपं आणून गुपचूप लावली.

फेब्रुवारीत सॉस करायला अस्सुंता आली ती थेट वाफ्यात शिरली.

"बाबांचंच बियाणं ना?"

"हो," फिलोमेना पुटपुटली.

"तुला धड खोटंही बोलता येत नाही." अस्सुंतानं एक टोमॅटो पुसून खाल्ला. "हीच जात मी तीन वर्षं लावतेय. बाबांचं बियाणं माझ्याकडेच संपलं."

"मग मला दिलेल्या पुड्या?"

"ह्याच्याच. संकरिताचं बी धरलं की रोगापुढं टिकेलच असं नाही, हे मला कुठं ठाऊक होतं?"

फिलोमेना मटकन उलट्या बादलीवर बसली. "म्हणजे ते मी नाही मारलं."

"नाही, मी मारलं. आता ऊठ, टोपली धर."