डूख धरलेला लांडगा

मित्रांनो, मी एक जुना लांडगा आहे. पळू नका. मी कापडाचा आहे आणि माझे दात पांढऱ्या फेल्टच्या कापडाचे आहेत. कुणी पोटातून हात घातल्याशिवाय मला तोंडसुद्धा उघडता येत नाही. पण एक गोष्ट मला खऱ्या लांडग्याहून चांगली जमते. मी डूख धरतो.

माझा जन्म एका महाविद्यालयात झाला. पदवी मिळवलेली माणसे तिथे पुन्हा विद्यार्थी होतात आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना कसे शिकवावे ते शिकतात. तुम्हाला हसू येईल, पण गाण्यांचा आणि गोष्टींचाही तिथे अभ्यास असतो, आणि त्यात लोक नापासही होतात! तळमजल्यावर एक बालवर्ग आहे. तिथे खरीखुरी मुले येतात आणि होऊ घातलेल्या शिक्षिका त्यांच्यासमोर सराव पाठ घेतात. अशाच एकीने आपला जुना करडा कोट कापून मला शिवले.

पहिल्या दिवशी मुले मला बघून टेबलाखाली लपली. मग एकेक करून माझे नाक दाबायला आली. पुढे कितीतरी हात माझ्या पोटात शिरले. हात थरथरला की मी ओळखायचो, हिचा आज पहिला पाठ. मी तिला सांभाळून घ्यायचो. माझे फार कौतुक व्हायचे.

मग एक बाई बालवर्गाच्या प्रमुख झाल्या; सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांना वर्ग हवा होता टाचणी पडली तरी ऐकू येईल असा. एकदा माझी गोष्ट ऐकून मुले खदखदून हसली, तेव्हा त्यांनी मला शिक्षिकेच्या हातावरून ओढून काढले. माझा डावा डोळा धाग्यासकट निघाला.

"हे धुळीचं गाठोडं पुन्हा वर्गात दिसता कामा नये," त्या म्हणाल्या.

माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्या आणि वाळलेले रंग यांच्यामध्ये मी दातओठ खात पडून राहिलो. मनात एकच विचार होता. या बाईंचा वचपा काढायचा.

एके दिवशी दार उघडले आणि एक लहान मुलगी आत ढकलली गेली. सगळे तिला चिमणी म्हणत. तिची चड्डी ओली झाली होती. "रडणं थांबलं की बाहेर यायचं," मोठ्या बाईंचा आवाज आला आणि बाहेरून कडी लागली. अंधारात चाचपडताना तिच्या हाताला मी लागलो. तिने मला छातीशी इतके आवळले की माझी शिवण उसवली. मित्रांनो, तोपर्यंत माझा राग माझ्या डोळ्यापुरता होता. त्या दिवसापासून तो दोघांचा झाला.

कागद न्यायला आलेल्या उंच ताईने आम्हाला शोधून काढले. ही ताई कचेरीतली चांगली नोकरी सोडून हा अभ्यासक्रम करायला आली होती. तिने चिमणीचे कपडे बदलले आणि ती तडक मोठ्या बाईंकडे गेली. मी तिच्या काखेत होतो.

"बाई, एवढ्याशा मुलीला कोंडायचं?"

"तुमचं शिकून व्हायचंय अजून," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "शेवटच्या पाठाचे गुण माझ्याकडे आहेत, तेवढं लक्षात असू द्या."

चिमणी त्यानंतर वर्गात बोलेनाशी झाली.

ताईने मला घरी नेले. काळे बटण लावून मला नवा डोळा दिला. सुई ओढता ओढता ती आपल्या आईला म्हणाली, "बाहेरचे परीक्षक येतील ना, तेव्हा लांडगा चिमणीला विचारेल, तुला कशाची भीती वाटते? ती सांगेल. सगळ्यांसमोर बाईंचं नाक कापलं जाईल."

"काप की," आई म्हणाली. "पण सुरी त्या पोरीच्या हातात कशाला देतेस?"

ताईने दोरा दाताने तोडला. मला मात्र आईचा राग आला. माझ्या मते बेत फक्कड होता.

पाठाचा दिवस उजाडला. परीक्षक सर गुडघे दाबत चिमुकल्या खुर्चीवर बसले. शेजारी मोठ्या बाई. मुले गोल करून बसली आणि मी ताईच्या हातावर चढलो. गोष्ट भीतीची होती. मी सरळ चिमणीसमोर गेलो. माझे तोंड उघडले. चिमणीने आधी अडगळीच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिले, मग मोठ्या बाईंकडे, आणि फ्रॉकचे टोक बोटाला करकचून गुंडाळले. ताईने ते पाहिले. तिने माझे तोंड मिटले.

मी मनात ओरडलो, विचार ना! विचार!

"सांगू का," ताई माझ्या आवाजात म्हणाली, "मला अंधाराची भीती वाटते. मला एकदा कोंडलं होतं."

"कुणी?" मुलांनी विचारले.

"एका मोठ्या माणसानं."

"मग चाव त्याला!" एक मुलगी ओरडली आणि सगळा वर्ग ओरडू लागला, "चाव! चाव!" चिमणी बोलली नाही. पण तिने पुढे होऊन आपली बोटे माझ्या तोंडात घातली आणि दात मोजत बसली.

मुले खाऊ खायला गेल्यावर ताई परीक्षकांसमोर उभी राहिली. मी अजून तिच्या हातावरच होतो. तिने पाहिलेले सगळे सांगून टाकले. मोठ्या बाई उसळल्या.

"जरा वेळ कोंडलं तर एवढा गहजब? शिस्त लागते त्यानं! काय होतं मुलांना?"

म्हणजे त्यांनीच कबूल केले! ताईने अडगळीच्या खोलीचे दार सताड उघडले.

"काही होत नसेल, तर बाई, जरा वेळ बसा ना आत. कडी मी लावते."

मोठ्या बाई एक पाऊल मागे सरल्या. "मला बंद जागेत गुदमरायला होतं," त्यांच्या तोंडून निघून गेले.

परीक्षक सरांनी पेनाचे टोपण लावले आणि ते सरळ प्राचार्यांच्या खोलीकडे चालू लागले.

मोठ्या बाईंना बालवर्गातून काढले. जाण्याआधी त्यांनी ताईला शेवटच्या पाठात नापास करून ठेवलेच होते. ताईला तो पाठ पुढच्या सत्रात पुन्हा द्यावा लागला. पण आता ती शिक्षिका आहे, याच वर्गाची. सूड गोड नसतो, असे मोठी माणसे तुम्हाला सांगतील. मित्रांनो, तुमच्याशी खोटे कशाला बोलू? मोठ्या बाई पर्स घेऊन, मान खाली घालून फाटकाबाहेर गेल्या, तेव्हा मला फार गोड वाटले. फक्त त्याने चिमणी बोलू लागली नाही.

ती बोलली पुष्कळ दिवसांनी. एक नवी शिकाऊ शिक्षिका रंग सांडला म्हणून एका मुलावर खेकसली. चिमणी उठली, माझ्या पोटात हात घातला आणि तिच्यासमोर जाऊन जाड्या आवाजात म्हणाली, "ए, हळू बोल. तो लहान आहे."

नवी शिक्षिका गुडघ्यांवर बसली. "चुकलं माझं," ती मला म्हणाली.

मित्रांनो, खेळणी जपा, उसवली तर शिवा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी लहानांना शिकवायला निघाले, तर त्यांच्यासमोर असेच गुडघ्यांवर बसा. आम्ही लांडगे तेवढ्या उंचीवरच्या माणसाला चावत नाही.