ब्रिगेडियरच्या शिंका

आमच्या ग्रिम्सडेल खोऱ्यात माणसाला काय वाटेल ते बोललेलं चालतं. त्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवा, त्याच्या कुत्र्याला हसा, तो चहा पाजेल. पण त्याच्या कोंबड्याच्या तुऱ्याला नाव ठेवायचं नाही. माझ्या एका चुलत्याने ठेवलं होतं. तो शेवटी कॅनडाला गेला आणि तिथूनही पत्रात माफीच मागत राहिला.

तुरा म्हणजे लालटोपी कोंबड्याचा. हे आमचं जुनं वाण. आता उभ्या इंग्लंडात फार थोड्या घरी उरलंय. कोंबडा बेताचाच, पण डोक्यावर रासबेरीची अख्खी टोपली उपडी घातल्यासारखा तुरा. वारा सुटला की कोंबडा तुऱ्याच्या मागून चालतो. दर नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं आणि लालटोपीचा करंडक दरवर्षी अँब्रोझ क्लेग नेतो. तो करंडक त्याच्या खिडकीत असतो आणि ती खिडकी नेमकी एनॉक सग्डनच्या न्याहारीच्या टेबलासमोर. एनॉकने वर्षानुवर्षं सकाळचं अंडं त्या करंडकाकडे पाठ करून खाल्लं.

त्या वर्षी मात्र एनॉककडे ब्रिगेडियर होता. असा तुरा मी आयुष्यात पाहिला नाही, आणि मी जे पाहिलंच नाही तेसुद्धा बरंच सांगत असतो.

प्रदर्शनाच्या सकाळी मी गाडी घेऊन एनॉकच्या दारात गेलो. आदल्या दिवशी ब्रिगेडियरला लहान मुलांच्या साबणाने मोरीत न्हाऊ घातलं होतं, पाण्यात व्हिनेगर टाकून पिसं चमकवली होती आणि भट्टीच्या उघड्या दारासमोर टॉवेलात गुंडाळून वाळवलं होतं. आता एनॉक तुऱ्याला तेल लावत होता. विनी, त्याची बायको, चहा ओतत होती. तेवढ्यात शिंक आली. बारीक आणि ओली.

‘ह्याला काय झालं?’ मी विचारलं.

‘कोणाला?’ एनॉक म्हणाला.

‘आत्ता शिंकला त्याला.’

‘मी शिंकलो.’

‘अरे, तुझ्या तोंडात अख्खा टोस्ट आहे.’

‘पहाटेपासून शिंकतोय तो कोंबडा,’ विनी म्हणाली. ‘एनॉक, नियम तुझाच आहे बरं का.’

नियम त्याचाच होता. आदल्या वर्षी कोणीतरी खोकणारी कोंबडी हॉलमध्ये आणली आणि नाताळपर्यंत अर्ध्या खोऱ्यातली खुराडी शिंकत होती. काही पक्षी मेलेसुद्धा. तेव्हा एनॉकने खुर्चीवर चढून ठराव मांडला होता: शिंकणारा, घरघरणारा पक्षी दारातूनच परत जाईल, आणि लपवून आणणारा सगळ्यांसमोर मंचावर उभा राहून माफी मागेल. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात एनॉकच्याच.

‘नियम आजारी कोंबड्यांसाठी आहे,’ एनॉक म्हणाला. ‘ह्याच्या नाकात काल साबण गेलाय.’

‘मग साबण निघेपर्यंत राहू दे घरी.’

‘विनी, असा तुरा पुन्हा व्हायचा नाही. पुढच्या वर्षी तो एका बाजूला कलंडेल. मग माझ्या नशिबात आहेच ती खिडकी!’

‘आणि हॉलमधल्या बाकीच्या कोंबड्या?’

‘त्यांना त्यांचे मालक आहेत.’

‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,’ विनी म्हणाली. एनॉकने ब्रिगेडियरला परडीत घालून वर घोंगडी टाकली, म्हणजे तेच केलं.

मी नेणार नाही म्हणालो. तो म्हणाला, मग मी चालत जातो. मग म्हटलं, चल बाबा, दारात डोरीन आहे, ती बघून घेईल.

डोरीन मर्गाट्रॉइड आमच्या मंडळाची चिटणीस. हॉलच्या दारात तिने जंतुनाशकाची परात ठेवली होती, बूट त्यात बुडवल्याशिवाय प्रवेश नाही. ते पाणी इतकं जहाल की गेल्या वर्षी एकाचे काळे बूट आत जाऊन तपकिरी बाहेर आले आणि त्याच्या पायाचं जुनं कुरूप गळून पडलं. पाद्रीबुवांनाही तिने परातीत उभं केलं होतं. ते प्रार्थना संपेपर्यंत तिथेच उभे राहिले, त्यांना वाटलं हाच कार्यक्रम.

बूट झाले की डोरीन प्रत्येक पक्षी उचलायची आणि त्याच्या पाठीला कान लावायची. छातीत घरघर असेल तर तिथे ऐकू येते. ब्रिगेडियरला तिने कानाशी धरलं आणि कोंबडा शिंकला.

त्याच क्षणी एनॉक शिंकला. अशी शिंक, की दारावरची सूचना टाचणीसकट उडाली.

‘कोण शिंकलं?’ डोरीनने विचारलं.

‘मीच. गवताचा त्रास आहे मला.’

‘नोव्हेंबरात?’

‘जुनं गवत.’ मागे रांगेत अँब्रोझ हसला.

तिने पुन्हा कान लावला. एनॉक पुन्हा शिंकला, आता थेट त्या कानाजवळ. तिला बिचारीला एनॉकशिवाय काही ऐकूच येईना.

‘बरं,’ डोरीन म्हणाली. ‘नियमात आहे, शिंकेल तो आत जाणार नाही. कोंबडा आत. तू आजाऱ्यांच्या खोलीत.’

‘ती कोंबड्यांसाठी आहे!’

‘तिथे माणसाला मनाई आहे असा ठराव तू मांडला नव्हतास.’

ती खोली म्हणजे मंचाशेजारची खुर्च्यांची अडगळ. दाराला खडूची पाटी: ‘आजारी. हात लावू नये.’ एनॉकला आत बसवून तिने समोर पाण्याची वाटी ठेवली, सवयीने थोडे गहूही टाकले. आणि ब्रिगेडियरचा पिंजरा आला नेमका खोलीच्या लाकडी भिंतीला लागून. त्याच्या शेजारी अँब्रोझचा कोंबडा.

मग सुरू झाली मजा. ब्रिगेडियर शिंकला की भिंत शिंकायची. एनॉक भिंतीला कान लावून बसला होता आणि त्याचं टायमिंग इतकं बसलं की पुढे पुढे तो कोंबड्याच्या किंचित आधीच शिंकू लागला. काठी घेऊन परीक्षक आले, बाहेरगावचे, फार सभ्य. ते ब्रिगेडियरसमोर थांबले.

‘ह्या इमारतीत ओल आहे का हो?’ त्यांनी विचारलं.

‘नाही, तो एनॉक आहे,’ डोरीन म्हणाली.

परीक्षकांनी टोपी काढून भिंतीला नमस्कार केला आणि ब्रिगेडियरच्या पिंजऱ्याला पहिल्या नंबरचं लाल कार्ड लावलं.

थोड्या वेळाने खोलीचं दार उघडलं. मी एनॉकला सॉसेज रोल द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. दारात अँब्रोझ उभा होता. एका हातात करंडक, काखेत ब्रिगेडियर.

‘जिंकलास गड्या,’ अँब्रोझ म्हणाला. ‘असा तुरा माझ्या बापानेही वाढवला नाही. हा घे.’

एनॉकने करंडक घेतला, पण त्याची नजर कोंबड्यावरून हलेना. ‘तू उचललंस त्याला?’

‘मग? तू पडलास आजारी. तुझी ती सर्दी छातीत गेली तर विनीने तुला बघायचं की कोंबड्याला? मी नेतो ह्याला आठवडाभर. माझ्या कोंबड्यांत राहील मजेत.’

आता अँब्रोझच्या कोंबड्या म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. खोऱ्यातल्या प्रत्येक लालटोपीची आजी-पणजी त्याच कळपातून आलेली. एनॉकचा पहिला कोंबडासुद्धा अँब्रोझच्या बापाने टोपीत घालून दिलेल्या अंड्यांतूनच निघाला होता. तो कळप गेला की वाण गेलं.

‘नको,’ एनॉक म्हणाला. ‘चावतो तो.’

‘माझेही चावतात.’

‘अवेळी आरवतो.’

‘मी बहिराच आहे एका कानाने.’

‘मेथडिस्ट पंथाचा आहे तो! तुमच्याकडे रमायचा नाही.’

‘अरे, माझ्या अर्ध्या कोंबड्या कॅथलिक आहेत, भांडण नाही कधी,’ अँब्रोझ म्हणाला आणि ब्रिगेडियरचा तुरा प्रेमाने गालाशी धरला.

ब्रिगेडियर शिंकला. आणि सवयीने एनॉकही.

अँब्रोझने आधी कोंबड्याकडे पाहिलं, मग एनॉककडे. डोरीन दारात येऊन उभी होती. ‘देव भलं करो,’ शिंकणाऱ्याला म्हणतात तसं ती एनॉकला म्हणाली. म्हणजे तो तेव्हाही सुटला असता. करंडक हातात होता, तोंड मिटलं की काम झालं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचे कान ब्रिगेडियरच्या तुऱ्यापेक्षा लाल झाले.

‘त्याची होती ती,’ एनॉक म्हणाला. ‘शिंक.’

‘कुठली?’ डोरीनने विचारलं.

‘सगळ्या. माझी एकही नाही. सकाळपासून त्याच्याच आहेत.’ त्याने करंडक वाटीशेजारी ठेवला. ‘अँब्रोझ, ठेव त्याला खाली. हात धू, कोट बदल आणि आज तुझ्या खुराड्यात पाऊल टाकू नकोस.’

अँब्रोझने ब्रिगेडियरला खाली ठेवलं. मग म्हणाला, ‘जुनं गवत म्हणे.’

एनॉक मंचावर गेला. नियमात लिहिल्याप्रमाणे उभा राहिला, माफी मागितली, आणि कोणाकोणाचा पक्षी ब्रिगेडियरच्या आसपास होता ते एकेक नाव घेऊन सांगितलं, म्हणजे त्यांना आपापले पक्षी वेगळे ठेवता येतील. टाळ्या पडल्या नाहीत. विनी तेवढी मागून म्हणाली, ‘मोठ्याने बोल.’

करंडक त्या वर्षी कोणालाच मिळाला नाही. ब्रिगेडियर बरा झाला. पण बरा झालेला कोंबडाही तो रोग पोटात घेऊन हिंडतो, म्हणून एनॉकने त्याला कायमचा मागच्या अंगणात एकटा ठेवला. त्याचं पिल्लू नाही, प्रदर्शन नाही. तो तुरा त्याच्याबरोबरच संपला. एनॉकला त्याचं दुःख झालं. ते मी फुगवून सांगणार नाही.

प्रदर्शनातले पक्षी महिनाभर घरच्या कळपापासून दूर ठेवायचे ठरले. कोणी गाडीत ठेवले, कोणी चर्चच्या घंटेखाली. पाद्रीबुवांची एक कोंबडी घंटेच्या ठोक्यावर अंडी घालायला शिकली. अँब्रोझकडे वेगळी जागा म्हणजे एकच, न्हाणीघर. कोंबडा तिथे बसला आणि मालकाची अंघोळ गेली.

त्यावर डोरीनने निवाडा दिला: अंघोळ एनॉककडे. महिनाभर रोज संध्याकाळी अँब्रोझ टॉवेल खांद्यावर टाकून एनॉकच्या घरी यायचा, दारात बूट परातीत बुडवायचा आणि वर टबात जाऊन बसायचा. घरातलं गरम पाणी संपेपर्यंत उठायचा नाही. खाली एनॉक थंड पाण्याने दाढी करत उभा असायचा आणि वरून आवाज यायचा:

‘एनॉक! पाठ कोण चोळणार, ब्रिगेडियर?’

‘आलो,’ एनॉक म्हणायचा आणि ब्रश घेऊन जिना चढायचा.